पिकअपच्या पोटाला तारलीचं तेल

गाडीला गंज चढतो तो हवेमुळे नाही, मालकाच्या आळसामुळे, असं सहदेव परबचं ठाम मत होतं. आणि सहदेवचं मत एकदा ठाम झालं की ते अख्ख्या कांजूरमार्ग पूर्वेला ऐकावं लागे. पानवाल्याला ऐकावं लागे, वॉचमनला ऐकावं लागे, आणि सुगंधाला, म्हणजे त्याच्या बायकोला, तर जेवतानाही सुटका नसे.

या मताला कारणही तसंच होतं. त्याची आधीची पिकअप भाऊच्या धक्क्यावरून मासळी आणायची. मासळीवरच्या बर्फाचं खारं पाणी दिवसभर खाली गळायचं. त्या पाण्यानं गाडीचं पोट असं खाल्लं, की शेवटी शेवटी ब्रेकशेजारच्या भोकातून सहदेवला खालचा रस्ता दिसायला लागला! पुढं बघावं की खाली बघावं, हेच कळेना. तेव्हा त्यानं ती गाडी भंगारात घातली, नवी घेतली आणि जाहीर करून टाकलं, "मासळी बंद! यापुढे सुका माल, फक्त सुका माल!"

नशिबानं सुका माल चालूनही आला. घाटकोपरच्या चंपाबेनचा खाखऱ्यांचा कारखाना होता. मुलुंडपासून अंधेरीपर्यंतच्या दुकानांत माल पोचवायचा. खाखऱ्यातून गळून गळून काय गळणार? चंपाबेनची अट एकच होती, त्यांच्या मालाच्या गाडीत मासळी-मटण चढता कामा नये. सोमवारी एक खेप करून दाखवायची. पसंत पडली तर वर्षभराचं काम पक्कं, नाही पडली तर पुन्हा धक्का, पुन्हा बर्फ आणि पुन्हा ते खारं पाणी. सहदेवला त्या विचारानंच घाम फुटायचा.

"गाडीला खालून कोटिंग मारून घे ना," अंबादास म्हणाला. अंबादास साळवे त्याचा शेजारी, मूळचा जालन्याचा, कुरिअर कंपनीत कामाला. सोमवारी त्याची सुट्टी होती, म्हणून माल चढवायला तोच येणार होता.

"कोटिंग? परबांना तू कोटिंग शिकवतो?" सहदेव उसळला. "माझ्या आजोबांची होडी जन्मभर मालवणच्या दर्यात होती. तिच्या बुडाला काय लावायचे माहितीय? तारलीचं तेल! मासळी कढवून काढलेलं, अस्सल! दर्याची हिंमत नव्हती आत शिरायची!"

"होडी लाकडाची असते ना रे?"

"मग? लाकूड टिकलं आणि लोखंड नाही टिकणार?"

अंबादासनं हात जोडले. सहदेवनं तो आपला विजय मानला.

तेल मालवणहून आलं. मेव्हण्यानं एसटीच्या टपावर बांधून कॅन पाठवला. कॅनचं झाकण उघडलं मात्र, आणि सुगंधा पदर नाकाला लावून गॅलरीत पळाली. तिथून ती ओरडली, "अहो, ह्या काय हाडलात? ह्या गाडीक लावतास?"

"होडीला चालतं ते गाडीला का चालणार नाही?"

"होडी दर्यात असता! तिच्या वासान कोणाचा काय बिघडता? तुमका खाखरे न्हेऊचे आसत!"

"वास दोन दिवसांत जातो. गंज जन्मभर राहतो!" असं तडफदार वाक्य टाकून सहदेव ब्रश घेऊन गाडीखाली शिरला.

दोन हात मारले त्यानं. चेसिसला मारले, पाट्यांना मारले, स्टेपनीच्या खोबणीत ओतलं, आणि हात लागेल तिथं उरलंसुरलं फासलं. सायलेन्सरही सोडला नाही. थोडं त्याच्या केसांतही गेलं, पण केसांना कुठं गंज चढतो!

सकाळी पाहतो तर गाडीभोवती मांजरं बसलेली. वस्तीतली सगळी आली होतीच, शिवाय काही पाहुणीही दिसत होती. सगळी गप्प, शिस्तीत, गाडीच्या पोटाकडे नजर लावून. सोसायटीच्या मीटिंगला एवढी हजेरी कधी लागली नव्हती.

"सहदेव," अंबादास नाक दाबून म्हणाला, "वाट लागली यार."

"काय वाट लागली? हे बघ!" सहदेवनं खाली पाइपनं पाणी मारलं. पाणी थेंबाथेंबानं ओघळून गेलं. "बघितलंस? पाणी ठरत नाही!"

"वास ठरलाय ना पण!"

मग धावपळ सुरू झाली. साबण झाला, सोडा झाला, लिंबं चोळून झाली. तेल काही हलेना. अस्सलच होतं ते! शेवटी सहदेवनं केबिनमध्ये उदबत्तीचा पुडाच्या पुडा पेटवला, मागच्या हौद्यात अत्तर शिंपडलं आणि आरशाला मोगऱ्याचा गजरा बांधला. आता लग्नाच्या मांडवात कुणीतरी सुकट भाजायला घेतल्यासारखं वाटत होतं.

"झकास!" सहदेव म्हणाला. आवाज मात्र जरा बारीक झाला होता.

सोमवारी दोघं घाटकोपरला निघाले. विक्रोळीपर्यंत निभावलं. पण पुढं ट्रॅफिक लागलं, वर ऊन, खाली इंजिन, आणि सायलेन्सर तापला. सायलेन्सरवरचं तेल चरचरायला लागलं! गाडीखालून निळसर धूर आणि तळलेल्या तारलीचा घमघमाट निघाला. शेजारच्या रिक्षावाल्यानं डोकं बाहेर काढून विचारलं, "दादा, थाळी मिळेल काय?"

असा तळणाचा घमघमाट घेऊन पिकअप चंपाबेनच्या गल्लीत शिरली. एकेक खिडकी फटाफट बंद होत गेली. चंपाबेन कारखान्याच्या दारातच उभ्या होत्या. उंच, शांत, कडक इस्त्रीची साडी. त्यांनी एकदाच श्वास घेतला आणि तोंडावर हात धरला.

"सहदेवभाई, हे काय?"

"उदबत्ती आहे, चंपाबेन! शुभ कामाला निघालो ना!"

"उदबत्ती मला समजते. उदबत्तीच्या खाली काय आहे?"

"गाडीत मासळी नाही, देवाशप्पथ! एक बोंबीलसुद्धा चढला नाही अजून! हा बघा हौदा!" त्यानं फाळका धाडकन खाली पाडला. हौदा खरंच रिकामा होता, स्वच्छ होता, अत्तरानं भिजलेला होता. चंपाबेनचा चेहरा जरा सैल झाला. सहदेवच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात स्टेपनीच्या खोबणीतून एक मांजर बाहेर आलं. गलेलठ्ठ, पिवळं, कांजूरहून फुकट प्रवास करून आलेलं. त्यानं भर गल्लीत आळस दिला, मिशा चाटल्या आणि परत गाडीखाली गेलं.

"हे कुठून आलं?" चंपाबेननं विचारलं.

मित्राला वाचवायला अंबादास पुढं झाला. "बेन, ते पाळीव आहे. एकदम शाकाहारी!"

शाकाहारी मांजर खालून सायलेन्सर चाटत होतं. जीभ भाजली तसं ते केवढ्यानं किंचाळलं!

"सहदेवभाई," चंपाबेन शांतपणे म्हणाल्या, "मला खरं सांगा."

सहदेवला एकदम भरून आलं. त्यानं सगळं सांगून टाकलं. आजोबांची होडी सांगितली, मेव्हण्याचा कॅन सांगितला, जुन्या गाडीचं भोकसुद्धा सांगितलं. "पण बेन, तुमची अट मी मोडली नाही! मासळी गाडीत नाही, ती गाडीखाली आहे!"

चंपाबेन ओठ दाबून हसू आवरत होत्या. त्यांनी दोघांना पाणी दिलं, जिऱ्याच्या खाखऱ्याचा एक पुडा हातात ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही माणूस सच्चा आहात. पण ह्या गाडीतून माझा माल गेला, तर उद्या कोण घेणार तो?"

दोघं परत निघाले. अंबादास खाखरा खात होता. सहदेवनं आरशाचा गजरा सोडून खिडकीबाहेर टाकला.

कांजूरच्या बाजाराशी गाडी जराशी थांबली, तर मासळीवाल्या रत्नप्रभामावशी टोपली बाजूला सारून उठल्याच. "काय रं, माल कसला आणलास?"

"माल नाही मावशी. गाडीच तशी आहे." सहदेवनं रडवेल्या आवाजात पुन्हा सगळी कथा सांगितली. मावशी पोट धरून हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "माझा टेम्पोवाला पळाला. उद्यापासून धक्क्यावरून माझी मासळी आणशील? रोजचं काम देते."

खाखऱ्यांचं गेलंच होतं. घरी रिकाम्या हातानं जाण्यापेक्षा हे बरं. शिवाय सहदेवच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खारं पाणी गळू दे की कितीही! खाली तारलीचं तेल आहे, आजोबांचं! पाणी ठरणारच नाही! तो छाती काढून म्हणाला, "आणतो मावशी! गाडी एकदम तयार आहे!"

"तयार कसली? आधी ते तेल खरवडून काढ," मावशी म्हणाल्या. "माझी मासळी ताजी असते रं! ह्या वासाच्या गाडीतून उतरवली तर गिऱ्हाईक म्हणंल, बाय, तुझी मासळी नासली!"

मग सहदेव पुन्हा गाडीखाली शिरला. या वेळी खरवडायला पत्रा आणि पुसायला डिझेल घेऊन. त्यानं इतकं घासलं, इतकं घासलं, की तेलाबरोबर कंपनीनं मारलेला रंगही निघाला आणि खालचं लोखंड नव्या ताटासारखं चकाकायला लागलं.

दुसऱ्या दिवशी पहिली खेप भरली. धक्क्यावरून निघाल्या निघाल्या बर्फाचं खारं पाणी त्या उघड्या लोखंडावर टपटप गळायला लागलं. सहदेवला ते केबिनमध्ये स्पष्ट ऐकू येत होतं. त्यानं रेडिओचा आवाज वाढवला.