जगाची राजधानी आणि धुरपताबाईंचा अर्ज

सरकार जितकं दूर, तितकं ते न्यायी असतं, हे सर्वमान्य आहे. आम्हा मुरुमकरांना याचा दांडगा अनुभव. जागचं न हलता बारा वर्षांत आम्ही चार सरकारं पाहिली: निजामाचं, हैदराबादचं, मुंबईचं आणि आता महाराष्ट्राचं. पाचवं एकदम साऱ्या जगाचंच आणावं, म्हणजे पुन्हा शिक्के बदलायला नकोत, अशा व्यवहारी विचारानं १९६१ साली कल्याणप्पांच्या अडतीवर 'जागतिक सरकार स्थापना समिती' निघाली. अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर विष्णुपंत, चिटणीस प्रस्तुत लेखक.

पहिल्याच बैठकीत सैन्यं, सरहद्दी आणि युद्धं अकरा मिनिटांत बरखास्त झाली. (अमेरिका व रशिया यांच्याकडून हरकत आली नाही.) भाषेचा प्रश्न चहा येईपर्यंत सुटला. गाडं अडलं ते राजधानीवर. पेठ मोठी मुरुमची आणि तालुक्याची कचेरी मात्र उमरग्याला, हे आमचं जुनं दुखणं. तेव्हा जगाची राजधानी कुठंही होवो, उमरग्याला होऊ नये, असा ठराव एकमतानं झाला. उमरगा जगातून वगळता येईल काय, हे तपासायला उपसमितीही नेमली.

तेवढ्यात धुरपताबाई आल्या. मयत नवऱ्याचं दोन एकर शेत नावावर व्हावं, म्हणून त्यांनी पहिला अर्ज निजामाच्या अमदानीत उर्दूतून दिला होता. पुढं प्रत्येक सरकारनं, तो आधीच्या सरकारला होता, नव्यानं द्या, असं कळवलं. त्यांचा दीर मात्र चारही सरकारांत तेच शेत बिनअर्जाचं पेरत आला.

विष्णुपंतांनी त्यांना जागतिक सरकारची थोरवी सांगितली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतली.

"गुरुजी, ह्ये सरकार आल्यावर अर्ज पुन्यांदा द्यावा लागंल का?"

"साहजिकच, बाई. जुन्या सरकारचे कागद नव्याला कसे चालतील?"

"मग जरा दमानं आणा. माजी फाईल आत्ता कुठं उमरग्याला पोचलीया."

बाईंचा कल उमरग्याकडं दिसल्यानं हे बोलणं इतिवृत्तात घेतलं नाही. मला वाईट वाटलं, पण चिटणिसाला वाईट वाटण्याची तरतूद आमच्या घटनेत नव्हती.

राजधानीचा प्रश्न अजून खुला आहे. आपलं गाव तसं मध्यावरच पडतं, हे एव्हाना तुमच्याही मनात येऊन गेलं असेल. हरकत नाही, तुम्हाला समितीवर घेतलं आहे. त्यासाठी अर्ज करायची गरज नाही. तो धुरपताबाईंनी करायचा आहे.