कळफलकगडची मुकी कळ बोलती जाहली, त्याची हकीकत

श्रीवाग्देवी प्रसन्न. जिच्या कृपेने मुक्यास वाचा फुटते तियेचे स्मरण करून गडाची हकीकत लिहितो ऐसीजे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन वद्य द्वितीया. ते समयी दौलतीत आईसाहेब म्हाळसाबाई राज्य करीत होत्या, आणि त्यांची नजर मंद जाहली होती, आणि सर्व लिहिणे जुन्या संगणकाच्या कळफलकावर कानाच्या भरवशाने होत असे. तो कळफलक म्हणजे बाका किल्ला! शंभरावर कळा, एकेक कळ आपल्या स्प्रिंगेवर पहाऱ्यास उभी. आईसाहेबांचे बोट वरून येई आणि कळ खाली दबे, मग स्प्रिंग एकाएकी कमरेत वाके आणि पायथ्याची इवली पट्टी उलथून तळावर आपटे, तो ‘खट’ ऐसा नाद होई आणि त्याच क्षणी अक्षराची वर्दी हुजुरात पोहोचून अक्षर पडद्यावर हजर होई. मग बोट उठे, स्प्रिंग ताठ होई आणि कळ पुन्हा मुजऱ्यास उभी राही. नाद आला म्हणजे अक्षर पोहोचले, ऐसा आईसाहेबांस विश्वास.

तों त्या दिवशी आईसाहेबांनी हुकूम लिहिला आणि हुकूम रवाना करणारी मोठी कळ दाबिली, ती मुकी. पुन्हा दाबिली, तरी मुकी. कारभारी विसाजीपंत बहुत दिवस नव्या रबरी कळफलकावर डोळा ठेवून होते, ते हात जोडून बोलिले, “आईसाहेब, म्हातारा गड मोडीत काढावा. नवा मऊसूत आहे, हूं की चूं करीत नाही.”

“हूं की चूं करीत नाही, तर अक्षर पोहोचले हे मज कोण सांगणार? तुम्ही? मग हुकूम माझा राहील की तुमचा?” आईसाहेब म्हणाल्या, “दिवस मावळेपावेतो कळ न बोलली, तर गड तुमच्या हवाली.”

मग आईसाहेबांनी अंबाड्यातील आकडा काढिला आणि कळेच्या टोपीखाली घालून ऐसा झटका दिला की टोपी उडोन पंतांच्या पगडीवर जाऊन बसली, आणि दरबारास हसू आवरेना. मग गड उपडा धरून पाठीवर थाप मारिली, तों आतून तांदळाचा दाणा पडला, कुंकवाने लाल. खंडेनवमीस शस्त्रांबरोबर गडाची पूजा जाहली, तेव्हा सर्वांनी चिमूटभर अक्षता वाहिल्या आणि पंतांनी मूठभर उधळल्या होत्या! दाणा पट्टीखाली अडकला, पट्टी उलथेना, मग नाद कोठून यावा?

“पंत, अक्षता तुमच्या आणि आळ माझ्या कळेवर!” ऐसे म्हणोन आईसाहेबांनी पगडीवरची टोपी मागितली, जागी बसविली आणि बोट ठेविले. खट! हुकूम रवाना जाहला, दरबाराने हर हर महादेव केला आणि आईसाहेबांचे डोळे आनंदाने भरले. मग त्यांनी आपल्या हाते दुसरा हुकूम लिहिला आणि तो पंतांकडूनच मोठ्याने वाचविला: “पुढे खंडेनवमीस गडास फूल वाहावे. अक्षता वाहू नयेत.”

सारांश, गड राहिला, गडाची वाचा राहिली आणि हुकूम आईसाहेबांचाच राहिला. फत्ते जाहली, जाणिजे.