ताइफच्या बैठकीतला अरब

सौदीतल्या जुबैलच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत जलालभाई परकारांना टेबल होतं, पण टेबलापाशी जलालभाई क्वचितच सापडत. आठवड्यातले निम्मे दिवस ते विमानात नाहीतर हॉटेलात. रियाध, जेद्दा, तबूक, अबहा, जिथे कंपनीचा पंप घरघरला तिथे जलालभाई हजर. दाभोळच्या खाडीत उभा जन्म होडी वल्हवणाऱ्या बापाचा हा मुलगा विमानकंपनीचं सोनेरी कार्ड खिशात बाळगून होता, आणि ते दाखवायची वेळ आली की कार्डाच्या आधी छाती पुढे येई. कुठल्या हॉटेलात लिफ्टशेजारची खोली घेऊ नये, कुठलं ऑम्लेट खावं आणि कुठलं नुसतं लांबून बघावं, विमानात कुठल्या रांगेत पाय पसरता येतात, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं.

दिवस सौदीकरणाचे होते. प्रत्येक कंपनीत ठरावीक सौदी हवेतच असा सरकारचा नियम झाला होता. ते नसले की परदेशी माणसांचे इकामे अडकत, म्हणजे इथे राहण्याचा परवानाच लटके. कंपनीने हम्माद नावाचा तरुण इंजिनिअर घेतला आणि मोठ्या साहेबांनी जलालभाईंना बोलावून मऊ आवाजात सांगितलं की याला सोबत न्या, गिऱ्हाइकांच्या ओळखी करून द्या, तुमचं काम शिकवा. शिकवून झाल्यावर जलालभाईंनी काय करायचं हे साहेब बोलले नाहीत. जलालभाईंनी विचारलंही नाही. घरी बदरुन्निसाने मात्र विचारलंच. बायकोला उत्तर देताना जलालभाईंनी तुकडा पाडला, "दौरे करायला अंगात गुण लागतो. नुसतं सौदी असून नाय भागत."

पहिलाच दौरा ताइफचा निघाला. तिथे गुलाबपाण्याचा एक मोठा कारखाना होता आणि मालकाला सगळे पंप नवे बसवायचे होते. हे काम मिळालं तर वर्षभराची बेगमी होती. गेलं तर जलालभाईंना घरी पाठवायला साहेबांना आयतं कारण मिळणार होतं.

दम्मामच्या विमानतळापासूनच शिकवणी सुरू झाली. हम्मादने सूट आणि टाय घालावा असं जलालभाईंनीच सांगितलं होतं. इंजिनिअर इंजिनिअरसारखा दिसावा, हे त्यांचं मत. शिवाय एका मुक्कामाला बॅगच न्यायची नाही, हाही धडा दिला होता. त्यांची स्वतःची बॅग होती ती कंपनीची माहितीपत्रकं न्यायची म्हणून. हम्माद मुकाट्याने ऐकत होता. विमान ताइफच्या डोंगरांवर आलं आणि खालीवर होऊ लागलं, तेव्हा अशा वेळी पेला कसा धरावा हे जलालभाई करून दाखवत होते. पेल्यात टोमॅटोचा रस होता. तो सगळा त्यांच्या राखाडी पँटवर आला.

"बॅगेत दुसरी आहे," ते शांतपणे म्हणाले. "अनुभवी माणूस आणि नवखा यांच्यात हाच फरक."

पट्ट्यावर बॅग कशी ओळखावी याचाही धडा होता. काळ्या बॅगा शेकड्याने येतात, म्हणून जलालभाईंच्या बॅगेच्या मुठीला हिरवी चिंधी बांधलेली असे. ज्या देशाचा झेंडा हिरवा, तिथे हिरवी चिंधी आणखी कुणाला सुचणार नाही, असं त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं. चिंधीवाली बॅग दिसली तशी त्यांनी झडप घालून उचलली. हम्मादने त्यावरचं नाव बघावं का असं विचारलं, तर ते नुसते हसले.

हॉटेलच्या खोलीत बॅग उघडली आणि जलालभाई पलंगावर बसले. आत अरबांचा पायघोळ पांढरा झगा होता, तोब म्हणतात तो, कडक इस्त्रीचा. शिवाय डोक्यावर घ्यायचा लाल चौकड्यांचा रुमाल, त्यावरची काळी गोल दोरी आणि अत्तराची बाटली. पँट नव्हतीच.

विमानतळाच्या सामान-विभागात फोन उचलेना. धोब्याने संध्याकाळचा वायदा केला. दुकानं दुपारची बंद झाली होती. हम्मादची पँट घालावी तर तो काठीसारखा उंच आणि जलालभाई रांजणासारखे. बैठकीची वेळ तर तोंडावर आली होती.

हम्माद तोब उचलून म्हणाला, "हाच घाला, जलालभाई. बॅगेचा मालक सापडला की मी धुऊन, इस्त्री करून परत देईन. माफीही मीच मागेन."

जलालभाई नको नको म्हणत होते, पण रसाने लाल झालेल्या पँटकडे बघून त्यांचा आवाज बसत चालला. शेवटी घातला. शिंप्याने त्यांचंच माप घेऊन शिवावा तसा तो बसला. बाह्यांना गुलाबाच्या आकाराची चांदीची बटणं होती. हम्मादने रुमाल आणि दोरी नीट लावून दिली आणि आरशासमोर उभं केलं. आरशातल्या माणसाला जलालभाईंनी जवळजवळ सलाम केला.

कारखान्याचा मॅनेजर दारातच उभा होता. त्याने जलालभाईंना बघितलं, मिठी मारली, दोन्ही गालांचं चुंबन घेतलं आणि तब्येतीपासून घरच्या सगळ्यांपर्यंत खुशाली विचारत त्यांना थेट मानाच्या जागी नेऊन बसवलं. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकांच्या कारखान्यांत जलालभाईंना खुर्ची मिळाली होती ती पंखा न पोचणाऱ्या कोपऱ्यातली. मागून सूट-टाय घालून आलेल्या हम्मादला मॅनेजरने हाताने खूण करून तसलाच कोपरा दाखवला.

मॅनेजर खूश होता. अखेर कंपनीने आपला माणूस पाठवला, असं तो कॉफी ओतताना म्हणाला. जलालभाईंनी ताबडतोब खुलासा केला की आपण हिंदचे. मॅनेजर मोठ्याने हसला. हिजाजमधल्या, म्हणजे या पश्चिमेकडच्या मुलखातल्या, निम्म्या घराण्यांचे आजे हिंदहून नाहीतर बुखाऱ्याहून आलेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही, असं म्हणून त्याने आणखी एक खजूर पुढे केला.

कोपऱ्यातून हम्मादने पंपांच्या दाबाविषयी दोन वाक्यं सांगितली. मॅनेजरने कौतुकाने त्याच्याकडे पाहिलं. "तुझं अरबी चांगलं आहे रे. कुठे शिकलास?"

"घरी. आईकडून," हम्माद म्हणाला.

ते उत्तर मॅनेजरला फार आवडलं. पण पंपांचं पुढचं सगळं त्याने जलालभाईंनाच विचारलं. हम्मादने तोंड उघडलं की मॅनेजरचा तळहात हळूच वर होई आणि मान जलालभाईंकडे वळे. पहिल्यांदा हम्मादला हसू आलं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आलं नाही. जलालभाईंना ते दिसत होतं, कारण तो तळहात त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता.

तेवढ्यात मालक शेख इसहाक आले. जलालभाईंसारखेच गोल, आणि हातात काळी बॅग. मुठीला हिरवी चिंधी. ते सांगू लागले की आपण सकाळी दम्मामहून आलो आणि विमानतळावर कुणीतरी आपली बॅग पळवली. उरलेली घरी नेऊन उघडली तर आत पंपांची माहितीपत्रकं आणि याच कंपनीच्या जलाल नावाच्या माणसाची कार्डं. "म्हटलं, चोर आपल्या पायांनी माझ्याच कारखान्यात येतोय. यातला जलाल कोण?"

असं म्हणता म्हणता त्यांची नजर मानाच्या जागेवरच्या पाहुण्याच्या बाहीकडे गेली आणि तिथेच राहिली.

"बटणं सुंदर आहेत," ते सावकाश म्हणाले. "माझ्या मुलीने माझ्यासाठी अशीच घडवून घेतली आहेत."

जलालभाई उभे राहिले. काम गेलं, नोकरी गेली, आता निदान अब्रू तरी आपल्या हातांनी द्यावी, असं त्यांना वाटलं. ते म्हणाले, "शेख, तोब तुमचा, बटणं तुमची, अत्तरही तुमचंच. आतला माणूस तेवढा दाभोळचा आहे. चूक माझी. बॅगेवरचं नाव बघायला हा मला सांगत होता, मी ऐकलं नाही."

कोपऱ्यात हम्मादही उठला. "आणि सौदी मी आहे," तो म्हणाला. "यांचा शागीर्द."

मॅनेजरने कॉफीची किटली खाली ठेवली. शेख इसहाकांनी एकदा सुटातल्या सौदीकडे पाहिलं, एकदा तोबातल्या कोकण्याकडे, एकदा मॅनेजरच्या चेहऱ्याकडे, आणि ते इतके हसले की त्यांना धरून बसवावं लागलं. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी दोघांना आपल्या दोन बाजूंना बसवलं आणि पंपांचं बोलणं पहिल्यापासून करायला लावलं. एक प्रश्न हम्मादला, एक जलालभाईंना. संध्याकाळ व्हायच्या आत काम ठरलं. तोब मात्र त्यांनी परत घेतला नाही. पाहुण्याच्या अंगावर गेलेला कपडा मागायचा नसतो, म्हणाले. बटणंही राहू देत, मुलगी दुसरी करून देईल. दुसऱ्या दिवशी परत जातानाही तो घालूनच जायचं, असं त्यांनी वचन घेतलं.

परतीच्या विमानात हम्मादने आपला तळहात मॅनेजरसारखा हळूच वर करून पाहिला. मग त्याने विचारलं, "तो हात. तुम्हाला नेहमीच दाखवतात?"

"नेहमी नाही," जलालभाई म्हणाले. "पण दाखवतात."

"मी साहेबांना सांगणार आहे, निदान दोन वर्षं मी एकटा दौऱ्यावर जाणार नाही. तुम्ही सोबत हवेत."

"पंप तर तुला माझ्याइतके कळतात. शिकायचं काय राहिलंय?"

"तो हात वर झाल्यावरही आपलं म्हणणं पुरं कसं करायचं, ते."

जलालभाईंनी तोंड खिडकीकडे वळवलं. खाली वाळवंटाशिवाय काही नव्हतं.

जुबैलला घराची घंटा वाजवली तेव्हाही अंगावर तोब होता, डोक्यावर रुमाल होता आणि तो पुढे ओढला गेल्याने अर्धा चेहरा झाकला होता. दाराच्या भिंगातून कुणीतरी पाहिलं. मग आतून बदरुन्निसाने मोडक्यातोडक्या अरबीत कळवलं की साहेब घरी नाहीत, दौऱ्यावर गेलेत. दोन दिवस अरबीच बोलून जलालभाईंच्या जिभेला तेच वळण पडलं होतं. त्यांनी अरबीतच सांगितलं की मीच जलाल.

आत कुजबुज झाली. मुलगी इकरा काहीतरी विचारत होती आणि बदरुन्निसा तिला समजावत होती, "नाय गो, आपले नाय. अस्सल अरबी बोलतोय. अरबांत पण असतं जलाल नाव. जा, डोक्यावर ओढणी घे."

जलालभाईंनी मराठीत उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण त्यांनी ते मिटलं, रुमाल सारखा केला आणि आणखी थोडा वेळ तसेच, ताठ मानेने, आपल्या दाराबाहेर उभे राहिले.