गोदाक्कांचा ढिला पट्टा

धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या वाशीत पिठाच्या गिरणीच्या आत, छपराखाली, छत्री उघडून उभी असलेली बाई दिसली तर दचकू नका. त्या गोदाक्का. वय एकसष्ट, लग्न केलेलं नाही, वडील गेल्यापासून गिरणी एकटीनं चालवतायत. छत्री कशाला, असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं, "थांबा, दळू द्या." कुठल्याही प्रश्नाला त्यांचं पहिलं उत्तर हेच असतं, मग कुणी दळणाचं विचारो की त्यांचं वय.

मी त्यांची शेजारीण. शाळेत शिकवते, म्हणून कागद वाचायचं काम माझ्याकडं. गेल्या महिन्यात त्यांनी धाराशिवच्या एका त्वचेच्या दवाखान्याचा कागद माझ्यापुढं धरला. चेहऱ्याची सैल कातडी घट्ट करायचा उपचार. सुरी नाही, टाके नाहीत. मी चाटच पडले. जिनं जन्मात पावडर लावली नाही, जिला ज्वारीचं पीठच पुरलं, तिला हे डोहाळे कुठून लागले?

"त्यात काय येवढं?" अक्का म्हणाल्या. "पट्टा ढिला झाला म्हणून गिरणी बदलता व्हय तुमी? पट्टा आवळायचा. हितं वरून गरम करत्यात, आतून कातडं आवळतंय. लई सोपं हाय."

मी सूचना वाचत गेले आणि अक्का एकेक शब्द पाळत गेल्या. उन्हात जाऊ नका, म्हटल्यावर छत्री आली, आणि गिरणीच्या पत्र्याला भोक आहे म्हणून ती आतही मिटेना. पाणी भरपूर प्या, म्हटल्यावर दर दळणामागं एक तांब्या. गिऱ्हाइकं रांगेत आणि अक्का मोरीकडं! उपचाराच्या दिवशी अंगावर धातू नको, असंही लिहिलं होतं. नाकातली मोरणी तर कित्येक वर्षांत निघाली नव्हती. शेवटी सोनारानं ती कापून काढली. अक्कांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण त्यांनी मान हलू दिली नाही. चेहऱ्याची क्रीम आठ दिवस आधी बंद करा, हे वाचल्यावर मात्र त्या खरंच काळजीत पडल्या. "बंद कराया आदी लावाय पायजे हुती का वो, बाई?"

गावाला विषय मिळाला. म्हातारपणी स्थळ आलंय, असं लोक बोलू लागले. खोटं कशाला सांगू, मलाही तेच वाटलं. शेवटी न राहवून मी विचारलंच, "अक्का, कोण आहेत ते?"

"थांबा, दळू द्या."

जायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी दवाखान्याचा फॉर्म भरायला मला घरी बोलावलं. ओसरीवर त्यांची आई जेवायला बसली होती. वय पंच्याऐंशीच्या पुढं, अलीकडं माणसं विसरायला लागलेली. माझ्याकडं बघून गोड हसली. तेवढ्यात अक्का पाणी घेऊन आल्या. म्हातारी धडपडत उठली, डोक्यावर पदर ओढला, ताट बाजूला सारलं आणि मान खाली घालून म्हणाली, "आत्याबाई, तुमचं जेवण झाल्याबिगर म्या कशी बसू?"

अक्कांनी तांब्या ठेवला आणि त्या आतल्या दाराआड झाल्या. मीही मागं गेले.

"माजं तोंड बापाच्या आईवर गेलंय," त्या हळूच म्हणाल्या. "गाल लोंबल्यापासनं आई मला तिची सासूच समजती. म्या म्होरं असले की घास गिळत न्हाय. रोज हितनं बघते, जेवली का न्हाय." मग हसल्या. "लगीन न्हाय, पोरगं न्हाय, सून न्हाय, आन् सासू झाले बघा. सख्ख्या आईची!"

मला हसू आलं नाही. स्थळाची चौकशी केल्याची इतकी लाज वाटली की त्यांच्याकडं बघवेना.

"अक्का, फरक थोडाच पडतो म्हणतात. तोही हळूहळू," मी म्हणाले.

"थोडा तर थोडा. एकदा 'गोदे, जेवलीस का' म्हणली की बास. फुडं लोंबंनात का गाल."

दाराच्या फटीतून बघितलं, तर म्हातारी पुन्हा ताटावर बसून भाकरी मोडत होती. अक्कांनी मला फॉर्म भरायची खूण केली. 'उपचाराकडून आपली अपेक्षा' असं लिहून पुढं जागा सोडलेली होती. मी लिहिलं, 'आईला लेक ओळखू यावी.'