बडेबाबूंच्या हाताचा दर

नाली तुंबणे ही नैसर्गिक घटना असली, तरी ती साफ करण्याचा खर्च हा नेहमीच अन्याय असतो. (नालीत काय काय टाकले, हा प्रश्न कोणत्याच घरात उपस्थित होत नाही.)

बुधवारा मोहल्ल्यातले निवृत्त बडेबाबू, म्हणजे कचेरीतले हेडक्लार्क, वामनराव यांना हा सिद्धांत पूर्णपणे मान्य होता. तीन दिवसांपासून त्यांच्या मोरीतले पाणी खाली जायच्या ऐवजी वर येत होते. रविवारी त्यांच्या मुलीच्या, मोनालीच्या, सासरची मंडळी जैनाबादहून पहिल्यांदाच जेवायला येणार होती आणि निर्मलाबाईंना अगदी रडू येत होते. तरीही नाली साफ करणाऱ्या समाधानने आठशे रुपये सांगताच वामनरावांनी त्याला दारातूनच परत पाठवले.

"दहा मिनिटाच्या कामाचे आठशे? सरासर लूट आहे ही!"

"मंग तुम्हीच करून टाका ना," निर्मलाबाई म्हणाल्या आणि नोटा ओट्यावर ठेवल्या. "आठशे मी देते."

प्रस्ताव रीतसर होता. वामनरावांनी नोकरीत एकही प्रस्ताव विचार न करता फेटाळला नव्हता (विचार करून सगळेच फेटाळले होते). त्यांनी अंगणातल्या चेंबरचे झाकण उचलले, आत पाहिले, झाकण जागेवर ठेवले आणि खर्चाचा अंदाज काढायला बसले. हातमोजे, एकावर एक दोन जोड. आंघोळ दोनदा, गरम पाण्याने. अंगावरचे कपडे टाकूनच द्यावे लागणार. शेजारच्या कोकिळाबाईंनी गच्चीवरून पाहिले तर होणारी मानहानी, किमान दीड हजार. त्या दिवशी जेवण जाणार नाही, ती बचत त्यांनी प्रामाणिकपणे वजा केली. एकूण तीन हजार चारशे, तेही घरचे काम म्हणून.

"अहो, इतक्या पैशात तर समाधान चार वेळा येऊन जाईल!"

"त्याला सवय आहे," वामनराव शांतपणे म्हणाले. सवयीच्या नाकाला वास येत नाही, हे त्यांनी त्या नाकाला न विचारताच ठरवले होते.

शनिवारी समाधानला पुन्हा बोलावणे गेले. त्याने खांद्यापर्यंत हात घातला, श्वास रोखून काहीतरी ओढले आणि पाणी गडगडत निघून गेले. निर्मलाबाईंच्या जिवात जीव आला. वामनरावांनी घड्याळ पाहिले. काम सातच मिनिटांत झाले होते, म्हणून त्यांनी शंभर रुपये कापले आणि मोठ्या मनाने चहा दिला.

कोणत्या कपात, ते विचारू नका. तुमच्या घरी तो कप कुठे ठेवतात, हे आम्ही विचारले का?