शंभरात शहाण्णवावी

मूल जन्माला येतं ते मोजण्यासाठी, हे आता सर्वमान्य आहे. वजन, उंची, गुण, क्रमांक, सगळं मोजून झालं होतं. रक्तदाब तेवढा राहिला होता.

भाची नऊ वर्षांची. शाळेने तपासणीचा फॉर्म धाडला, म्हणून ताई, भाऊजी आणि मी (मामा, सल्लागार) तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. बाईंनी तिच्या दंडाला लहान पट्टा बांधला, आकडा तक्त्याशी ताडून पाहिला. मोठ्यांचं एकशेवीस-ऐंशी मुलांना लावत नाहीत म्हणाल्या; वय, उंची, मुलगा की मुलगी, हे बघून ठरवतात. हिच्यासारख्या शंभर मुली रक्तदाबाच्या चढत्या क्रमाने उभ्या केल्या, तर ही शहाण्णवावी.

ताईचा ऊर भरून आला. भाऊजींनी नातेवाइकांच्या ग्रुपवर तिथल्या तिथे कळवलं. सात मिनिटांत एकतीस अभिनंदनं आली. एका मावशीने क्लास कुठला, ते विचारलं. (भाऊजींनी सांगितलं नाही. स्पर्धा आहे.)

बाई म्हणाल्या, नव्वदच्या आत असलेलं बरं. ताईने समजूतदारपणे मान डोलावली. मागे राहिलेल्या मुलांनाही कुणीतरी बरं म्हणायलाच हवं. मग मीठ कमी, झोप पुरेशी आणि रोज तासभर खेळ, असं निघालं, तेव्हा भाऊजींनी वेळापत्रक पुढे केलं. सहा क्लास, दोन स्पर्धा आणि खेळ, रविवारी चार ते सव्वाचार.

भाचीने माझी बाही ओढली. "मामा, पुढच्या वेळी कमी पडले तर?"

मी पडलो सल्लागार. म्हणालो, प्रयत्न कर.

बाईंनी ते ऐकलं. आम्हा तिघांना बाहेरच्या बाकावर पाठवलं, तिला पाच मिनिटं पाठ टेकून नुसतं बसू दिलं आणि पुन्हा मोजलं. बासष्टावी.

ताईने डोक्याला हात लावला. पाच मिनिटांत चौतीसने घसरण, आमच्या घराण्यात असं कधी झालं नव्हतं. भाऊजींनी फेरतपासणीचा अर्ज मागितला. भाची मात्र दारात उभी राहून चक्क जांभई देत होती. बाईंनी चिठ्ठीवर औषध लिहिलंच नाही. एवढंच लिहिलं: "आठवड्याने पुन्हा मोजणे. मोजताना आईवडील बाहेर. मामाही."

वाचकहो, आपल्या मुलांचा रक्तदाब जरूर मोजून घ्या. आणि हे वाचताना 'आमचा कितवा येईल?' असं मनात आलं असेल, तर या बाहेर. आम्ही सरकून बसतो.