‘आयकलं का’ नावाचं लॉगिन

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. मेडशीला नाल्याकाठी आमचं वांग्या-मिरचीचं वावर. माय भाजी तोडायची आणि पहिल्या एसटीनं वाशीमजवळच्या मालेगावच्या बाजारात न्यायची. मी वाशीमला कॉम्प्युटर शिकायला लागले, तेव्हा लॅबमध्ये एका मशीनवर आम्ही तिघी बसायचो. माझी पाळी येईपर्यंत तास संपायचा. म्हणून मी मिरचीच्या रोपांचा रिकामा काळा ट्रे घेतला, त्याच्या खणांत चुन्यानं कीबोर्डच्या क्रमानं एबीसीडी लिहिली आणि ओसरीत बसून त्यावर टायपिंग शिकले. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "पोरगी रोपं लावून राह्यली. पाहू काय उगवते तं."

रोपं टाकायची वेळ आली तशी मायनं ट्रे धुऊन घेतला. म्हणाली, "शेषरावभाऊकडं जाय. त्याच्या घरी खरं डबडं हाय."

शेषरावकाकांचं गावात मोटार वाइंडिंगचं दुकान. विहिरीवरची मोटार जळाली की माणूस त्यांच्याकडे यायचा. एका शाळेनं मोडीत काढलेला कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला होता आणि त्यावर लिनक्स टाकलं होतं. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी अशी यंत्रणा, जी फुकट मिळते आणि जिचं आतलं सगळं कोणालाही उघडून पाहता येतं, बदलताही येतं. फुकटाचं काकांना कौतुक नव्हतं. त्यांना उघडता येण्याचं होतं. "ज्याचं झाकण खोलता येत नाई, थे सामान आपलं नाई," असं ते दुकानात बसून कोणालाही ऐकवत.

त्यामुळे त्यांच्या घरात झाकण लावलेलं काही टिकत नसे. मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ, जावयानं आणलेला कंबर शेकायचा पट्टा, सगळ्यांची पोटं उघडी. द्वारकाकाकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "आयकलं का, चटणी वाटायची हाय. मिक्सरचं पोट शिवून द्या अगोदर."

दुसरं वेड वर्जनचं. लिनक्सचं नवं वर्जन निघालं की काकांना चैन पडत नसे. ते त्याला वाण म्हणत, सोयाबीनचं म्हणतात तसं. "नवं वाण आलं, पेरून पाहू." भेटेल त्याला वर्जन विचारायचे. एसटीच्या ड्रायव्हरला विचारलं, दवाखान्यात डॉक्टरला विचारलं. केनवडला एका लग्नात नवरदेवाचा मोबाईल हातात घेऊन त्यांनी नवरदेवाच्या बापालाच विचारलं, "पोराचं वर्जन कोणतं हाय?"

तो भला माणूस म्हणाला, "बी.ए. दुसऱ्या वर्षाले हाय."

"मंग अपडेट बाकी हाय," काका म्हणाले आणि जेवायला बसले.

अपग्रेडच्या दिवशी त्यांच्या घरात सोवळं असायचं. मध्येच लाइन गेली तर मशीन ना जुन्यात राहतं ना नव्यात, म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी ओसरीत आणून जोडायची. इस्त्री बंद, पंखा बंद. मेन स्विचजवळ कोणी फिरकायचं नाही. काकू उंबऱ्यात बसून येणाऱ्यांना परत पाठवायच्या. एकदा मीच अभ्यासाला गेले तर म्हणाल्या, "आज नको येऊ बाई. आत बाळंतपण चालू हाय."

आणि दर अपग्रेडला काहीतरी बिघडायचंच. कधी आवाज जायचा, कधी प्रिंटर रुसायचा. काकांचा चेहरा तेव्हा सगळ्यात जास्त फुलायचा.

त्याच मशीनवर मी प्रॅक्टिकलचा सराव केला आणि पदवी घेतली. आमच्या घराण्यातली पहिली पदवी. हे मी लाजून सांगत नाही, छाती काढून सांगते. आता मी वाशीमला एका कॉलेजची लॅब सांभाळते.

काकू वारल्या आणि काकांनी अपग्रेड करणं सोडलं. दुकान सुरू होतं, झाकणं उघडणं सुरू होतं, फक्त लिनक्सला हात लावत नव्हते. मला याचं मोठं कोडं पडलं. वर्जन जुनं झालं, त्याला दुरुस्त्या मिळेनात, बाजारभावाचं पान उघडेना. गावी गेले की मी विचारायची, "काका, नवं वाण कधी पेरता?"

"लाइनचा भरवसा नाई."

"बॅटरी हाय ना तुमची."

"बॅटरी ट्रॅक्टरले लागते."

ट्रॅक्टरला ती आधीही लागत होतीच. पण काकांपुढे जास्त बोलायची सोय नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. "पोरी, आतून बेरिंग वाजून राह्यली."

कॉम्प्युटरला बेरिंग नसते असं कोण सांगणार, आणि डिस्कला असतेही. मी नवी डिस्क घेऊन गेले. मशीन सुरू केलं तर आतून कटकट आवाज येत होता. डिस्क मरायला टेकली होती. पण माझं लक्ष स्क्रीनवर. जिथं वापरणाऱ्याचं नाव असतं, तिथं लिहिलं होतं, ‘आयकलं का’.

मला हसू आलं. पासवर्ड चुकला, तर खाली अक्षरं उमटली, ‘ध्यान कुठं हाय तुमचं?’ एक फाईल काढून टाकायला गेले, तर ‘फेकू नका, कामी पडते.’ डिस्क भरत आल्याची सूचना होती, ‘डबड्यानं घर भरून टाकलं.’ आणि बंद करायला गेले तर मशीन विचारत होतं, ‘झालं का? भाकर थंडी होऊन राह्यली.’

"हे कसं केलं, काका?"

"भाषेच्या फायली असतात ना, त्या खोलल्या. एकीकडे इंग्रजी, दुसरीकडे मराठी. ते मराठी पाह्यलं का तू? ‘आपण खात्रीने निर्गमन करू इच्छिता काय?’ असं आमच्या घरी कोणी बोललं नाई. मी बदलून टाकलं."

म्हातारा एकटा बसून टवाळी करतो आहे, असंच मला वाटलं. मी त्यांची कागदपत्रं, फोटो, भजनं सगळं पेनड्राइव्हवर घेतलं. जुनी डिस्क काढली, नवी बसवली, नवं लिनक्स टाकलं. बॅटरी न सांगता ओसरीत आली होती. इन्स्टॉल होताना वापरणाऱ्याचं नाव विचारतात. मी लिहिलं, शेषराव.

मशीन सुरू झालं. स्क्रीनच्या मधोमध मोठ्या अक्षरांत, शेषराव.

काका खुर्चीतून उठले आणि दारात जाऊन उभे राहिले. तिकडूनच म्हणाले, "ते नाव काढ."

"काहून? तुमचंच तं हाय."

"थे माह्यं नाव कधी घेत नोती."

आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नातल्या उखाण्यात घेतलं तेवढंच. मग साऱ्या जन्मात ‘आयकलं का’. मशीनमधलं एकेक वाक्य माझ्या कानात काकूंच्या आवाजात वाजलं. टवाळी नव्हती ती. काकांनी एक शब्द आपल्या मनचा घातला नव्हता. मशीन जे विचारील त्याला काकू कधी काय म्हणाल्या होत्या, ते आठवून आठवून बसवलं होतं. अपग्रेड केलं की भाषेच्या फायली वरून नव्या येतात आणि जुन्या पुसतात. म्हणून हा माणूस जुन्या वाणावर थांबला होता.

"फोटो आले, भजनं आली," काका म्हणाले. "हे बोलणं आलं का त्याच्यात?"

आलं नव्हतं. त्या फायली कागदपत्रांत नसतात, यंत्रणेच्या आत असतात. मी काढून ठेवलेली डिस्क पुन्हा जोडली. ती फिरली, कटकटली आणि गप्प झाली. पुन्हा लावली. तेच.

काका जवळ आले. डिस्क हातात घेतली, कानाला लावली. मोटार पाहतात तशी. "तापली हाय. हिले थोडं बसू दे." त्यांनी ती फडक्यात गुंडाळून माठाजवळ सावलीत ठेवली आणि आम्ही दोघं ओसरीत बसलो. एरवी एवढ्या वेळात त्यांनी माझ्या मोबाईलचं झाकण काढलं असतं.

मग त्यांनीच डिस्क आणून दिली. ती फिरली. कटकटत का होईना, वाचत गेली. मी आधी भाषेच्या फायली घेतल्या, बाकी काही पाहिलंच नाही. फायली उतरल्या आणि थोड्या वेळानं डिस्क कायमची थांबली.

नव्या लिनक्समध्ये त्या बसवल्या. वाक्यं सापडत गेली तशी मशीन ती बोलायला लागलं. नाव बदलून ‘आयकलं का’ केलं. काकांनी मुद्दाम पासवर्ड चुकवला, बोलणी खाल्ली, आणि समाधानानं मांडी घालून बसले.

पण नव्या वर्जनमध्ये काही सूचना नव्या असतात. त्या जुन्या फायलीत कुठून येणार? त्या इंग्रजीतच राहिल्या. आम्ही बसलो असतानाच एक वर आली. बराच वेळ झाला, स्क्रीनसमोरून उठा, डोळ्यांना आराम द्या, अशा अर्थाची.

मी म्हटलं, "काका, हे पण काकूसारखं लिहू का? ‘उठा आता, डोळे फोडता का’, असं?"

त्यांनी ती इंग्रजी ओळ बोट फिरवत वाचली.

"नाई. हे थे बोलली नाई. तिच्या तोंडी मी कायले घालू? राहू दे इंग्रजीत."

मग ते उठले आणि आराम द्यायला म्हणून अंगणात जाऊन उभे राहिले.

अपग्रेड पूर्ण झालं. काकूंचं जेवढं बोलणं जुन्या मशीनवर होतं, तेवढं सगळं नव्या लिनक्सवर आलं. त्यातलं एकही वाक्य सुटलं नाही.